बंद कीबोर्डचा आवाज

घरात आवाज करणाऱ्या एकूण तेवीस गोष्टी होत्या. स्वयंपाकघरात आठ, मधल्या खोलीत नऊ, मागच्या खोलीत चार आणि बाहेरच्या दाराला दोन: एक कडी, एक बिजागरी. यांतल्या एकवीस अण्णांना पडल्या जागेवरून ओळखता येत. उरलेल्या दोन म्हणजे मागच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ आणि तिचा मोबाइल. तोही गादीवर ठेवलेला असला तरच. टेबलावर ठेवला, की मधल्या खोलीतून विचारणा व्हायचीच, "कुणाचा गं?"

ही मोजदाद तिची होती. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि पगारही त्याचाच मिळत होता. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप बाजारात जाण्याआधी किती आवाज करतात ते तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. तिथे सगळे तिला डेसिबल म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता तर साहेबही फायलीवर 'डेसिबलकडे पाठवा' असं लिहीत.

अण्णा म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं पंप आणि मोटारींचे फिटर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि दहा सेकंदांत सांगायचं, मागचं बेअरिंग गेलंय. मोटर उघडली की मागचंच बेअरिंग गेलेलं असायचं. चार वर्षांपूर्वी ते शिडीवरून पडले. खुब्याची दोन ऑपरेशनं झाली, तरी पाय काही ऐकेनात. कान मात्र होते तसेच राहिले. उलट पायांचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. अण्णा आता कानांनी घरभर हिंडायचे.

त्यांच्या उशाशी एक पाना असे. खाटेच्या लोखंडी नळीवर पाना एकदा वाजला तर पाणी, दोनदा वाजला तर लघवीची बाटली, तीनदा वाजला तर असशील तशी ये. दिवसा त्यांच्याजवळ कामाला ठेवलेल्या मावशी असायच्या. सकाळी आठला यायच्या आणि संध्याकाळी सहाला चप्पल घालून दारात उभ्या राहायच्या. सहा वाजून पाच मिनिटं झाली की डेसिबलच्या फोनवर त्यांचा मिस्ड कॉल येई. म्हणजे ऑफिसातून साडेपाचला निघणं भाग होतं आणि सहानंतर बाहेर पडणं शक्य नव्हतं. घराच्या तीन खोल्या एकापुढे एक होत्या. मागच्या खोलीतून रस्त्यावर जायचं तर अण्णांच्या खाटेला वळसा घालूनच जावं लागे.

अण्णा तिला कधी कशाला नाही म्हणाले नव्हते. हे तिलाही मान्य होतं. पोहायला जाते म्हणाली, तर म्हणाले, "जा ना, अवश्य जा. मी काय, पडूनच आहे." ती दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी त्यांना नेमकं त्याच वेळी धाप लागली. परकी भाषा शिकायचा वर्ग पाच संध्याकाळ चालला. जेवणानंतरचं फिरणं एकच दिवस. दर वेळी काहीतरी खरंच झालेलं असायचं. ढोंग म्हणून त्यांना पकडता आलं असतं, तर तिचं काम सोपं झालं असतं. दादाला फोनवर सांगितलं, तर तो दुसऱ्या गावातून म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस." मग ती लावून न घेता घरीच बसली.

आणि मग एका सोमवारी प्रयोगशाळेत एक खेळणं तपासायला आलं. लहान मुलांचा कीबोर्ड, पंचवीस पट्ट्यांचा. मुलांच्या कानाला घातक ठरेल इतका मोठा तर वाजत नाही ना, एवढंच पाहायचं होतं. शांत खोलीत, म्हणजे जिथे भिंतीभर फोमची टोकं बाहेर आलेली असतात आणि स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येतो अशा खोलीत, तिने तो टेबलावर ठेवला. पद्धत ठरलेली होती: एकेक पट्टी पाच सेकंद दाबायची, आकडा लिहायचा. पंचवीस पट्ट्यांचे पंचवीस आकडे लिहून झाले. काम संपलं. मग तिने पद्धतीत नसलेली गोष्ट केली. दोन पट्ट्या एकदम दाबल्या. मग तीन. मग एक सोडून एक. दारावरचा दिवा लुकलुकला तेव्हा तिने घड्याळ पाहिलं; अकरा मिनिटं झाली होती. या अकरा मिनिटांत तिने एकदाही कान दाराकडे लावला नव्हता. चार वर्षांत असं झाल्याचं तिला आठवेना.

घरी जाताना तिने हिशेब केला. संध्याकाळी सात-दहा ते सात-पन्नास अण्णा रेडिओ ऐकत. आधी बातम्या, मग एक श्रुतिका. त्या चाळीस मिनिटांत पाना सहसा वाजत नसे. हीच चाळीस मिनिटं तिला हवी होती. घर सोडायला नको, कुणाला सांगायला नको. हेडफोन लावायचे आणि वाजवायचं. अट एकच: अण्णांना पत्ता लागता कामा नये. कारण पत्ता लागला, की ते म्हणणार, "वाजव ना, अवश्य वाजव."

वाद्यांचं दुकान प्रयोगशाळेपासून सहा मिनिटांवर होतं. जेवणाची सुट्टी पंचेचाळीस मिनिटांची. जाण्यायेण्याची बारा वजा केली तर तेहतीस उरत. दुकान एक साठीच्या बाई चालवत. सगळे त्यांना काकू म्हणत. काकूंनी डेसिबलला आपादमस्तक न्याहाळलं आणि हसून विचारलं, "मुलासाठी की मुलीसाठी?"

"माझ्यासाठी."

"वा! आधी काही वाजवलंय?"

"एकदा. अकरा मिनिटं."

काकू हसल्या. मग त्यांनी तीन कीबोर्ड काढले. पहिला सगळ्यांत स्वस्त. त्याच्या पट्ट्या अंगठ्याएवढ्या अरुंद, पण दिवे आणि ठेके शंभर. "हा नका घेऊ," काकू म्हणाल्या, "दोन महिन्यांत बोटं चुकीच्या मापाची होतील. आणि पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज एकच. नुसतं बटण आहे ते." दुसरा एकसष्ट पट्ट्यांचा, पूर्ण मापाचा; जसा दाब तसा आवाज, ठेके मोजकेच. किंमत तिच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. तिसऱ्याला पियानोसारख्या जड पट्ट्या होत्या आणि किंमतही तशीच जड. "शिकणाऱ्याला दुसरा पुष्कळ झाला. चालू करून दाखवू?"

"नको," डेसिबल म्हणाली. "बंदच राहू दे. तिन्ही बंद ठेवा."

तिने पर्समधून ध्वनिमापक काढला. साहेबांची परवानगी घेऊन आणलेला होता. पहिल्या कीबोर्डपासून बरोबर एक मीटरवर स्टुलावर ठेवला आणि पट्टी दाबली. खट्. आकडा लिहिला. पुन्हा दाबली. खट्.

काकू बराच वेळ पाहत राहिल्या. शेवटी त्यांना राहवेना. "अहो ताई, तीस वर्षं दुकान चालवतेय मी. लोक आवाज ऐकून घेतात. बंदच वाजवायचा असेल, तर घरचा ओटा काय वाईट आहे?"

"याची पट्टी खाली आदळते तेव्हा किती आवाज होतो, ते पाहतेय. हेडफोन लावले तरी तो राहतोच ना."

"राहतो. पण त्याने कुणाला काय फरक पडतो?"

"आमच्याकडे पडतो."

काकूंनी पुढे विचारलं नाही. स्वतः उठून दुकानाचं दार लावून घेतलं, म्हणजे रस्त्याचा आवाज आकड्यांत येऊ नये. डेसिबलला ही बाई तिथेच आवडली.

पहिला चोपन्न भरला. दुसरा सत्तेचाळीस. तिसरा चव्वेचाळीस, पण त्याच्या जड पट्टीचा धक्का टेबलाच्या पायांतून जमिनीत उतरत होता. तिने गुडघे टेकून फरशीला कान लावला, तेव्हा तो धप्प असा स्पष्ट ऐकू आला. असले धक्के अण्णा पाठीने ऐकत. तिसरा बाद. दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीत तिने दुसऱ्याखाली फोमचे तुकडे ठेवून पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. तिसऱ्या दिवशी हेडफोन निवडले: पूर्ण कान झाकणारे, म्हणजे त्यांतून बाहेर काही झिरपायला नको.

"चालू करून एकदा तरी ऐका हो," काकू म्हणाल्या. "पैसे देताय त्याचे."

मग तिने ऐकला. बरा होता.

"खोकं घरी पोहोचल्यापासून सात दिवसांत परत आणलात तर पूर्ण पैसे देईन," पावती फाडताना काकू म्हणाल्या. "तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलेलं बरं."

सोमवारी दुपारी खोकं घरी पोहोचलं. मावशींना तिने आधीच पटवून ठेवलं होतं. अण्णांना पुसून घ्यायच्या वेळी, नळ मोठा सोडलेला असताना खोकं मागच्या खोलीत न्यायचं. मावशींनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. संध्याकाळी ती दारातून आत आली आणि अण्णांनी विचारलं, "या साहेब. दुपारी काय आलं?"

"कुठे काय?"

"पुठ्ठ्याचं खोकं. मीटरभर लांब. आत थर्माकोल, वळताना दाराला घासला. मावशींनी दोन्ही हातांनी उचललं, पण धाप लागली नाही. म्हणजे चार-पाच किलो."

मावशींनी चप्पल घालता घालता तिच्याकडे पाहिलं. माझा दोष नाही, असा तो चेहरा होता.

"ऑफिसचं सामान आहे," डेसिबल म्हणाली. "तपासायचंय."

"आता घरीसुद्धा तपासणार? जागा कमी पडली का तिकडे?" एवढं बोलून त्यांनी रेडिओची कळ पिरगळली.

मंगळवारी, अण्णा झोपेत असताना, तिने अंतिम चाचणी घेतली. ध्वनिमापक अण्णांच्या उशीशेजारी ठेवला, मागच्या खोलीचं दार लावलं, मावशींना बंद कीबोर्डच्या पट्ट्या दाबायला बसवलं. कीबोर्ड नसताना उशीजवळ चौतीस. तो पंख्याचा आवाज. पट्ट्या दाबताना चौतीस. तिने दोनदा पाहिलं. चौतीस आणि चौतीस. यंत्राच्या लेखी मागच्या खोलीत काहीच घडत नव्हतं. यासाठी तिने अर्धा दिवस रजा टाकली होती, आणि ती सत्कारणी लागली असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी सात-दहाला तिने हेडफोन चढवले, कीबोर्डबरोबर आलेलं धड्यांचं पुस्तक उघडलं आणि पाच बोटं पाच पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवली. अनामिका काही केल्या एकटी खाली जाईना. मधलं बोट तिच्याबरोबर यायचंच, शेजारणीला सोबत घेतल्याशिवाय बाजारात न जाणाऱ्या बाईसारखं. चाळीस मिनिटं ती त्या एका बोटाशी झगडली. बुधवारी ते थोडं सुटं झालं. सात-पन्नासला बाहेर आली, तर अण्णा श्रुतिकेतल्या सुनेला नावं ठेवत पडले होते. तिला इतकं हलकं वाटलं, की तिने त्या सुनेची बाजू घेतली आणि दोघांचं जेवेपर्यंत भांडण चाललं.

गुरुवारी दोन्ही हात एकत्र वाजले. एका ओळीत दोनदाच चूक. पुन्हा वाजवलं, चूक एकच. सात-पन्नासला तिने हेडफोन काढले आणि तिला ठोके ऐकू आले. दोन. मग थांबा. मग दोन. फार सावकाश, जणू मारणाऱ्याला त्यांतून काही होईल अशी आशा उरली नव्हती.

मधल्या खोलीत रेडिओ बंद होता. अण्णा छताकडे पाहत होते. चादर कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओली झाली होती आणि एक ओघळ खाटेवरून फरशीवर उतरला होता.

"अण्णा! किती वेळ?"

"घड्याळ तुझ्या खोलीत आहे. मी कसं सांगू?"

ती कामाला लागली. त्यांना कुशीवर वळवलं, चादर ओढून काढली, कोमट पाणी आणलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. चार वर्षांत बाटली वेळेवर पोहोचली नाही असं एकदाही झालं नव्हतं. नवी चादर खोचताना तिच्या लक्षात आलं, की त्यांचा उजवा हात अजून मिटलेलाच आहे. पाना धरून आखडला होता.

"रेडिओ का बंद केलात?"

"तुझा आवाज यावा म्हणून."

"मी आतच होते."

"मला वाटलं, गेलीस."

"कुठे जाणार, अण्णा? दार तुमच्या पुढ्यातून आहे."

"तेही खरं," अण्णा म्हणाले. "म्हणून मग दुसरं वाटलं."

ती बादली उचलता उचलता थांबली.

"तुझ्या खोलीतून रोज काही ना काही येतं," अण्णा छतालाच सांगत होते. "खुर्ची सरकते. कपाट करकरतं. तू पाय घासतेस. मोटर बंद पडली तरी कळतं, घूं करत थांबते ती. मंगळवारपासून सात-दहाला सगळं एकदम तुटतं. तार कापल्यासारखं. पहिल्या दिवशी म्हटलं, झोपली असेल. आज दोन ठोके दिले, चार दिले, दहा दिले. शेवटी वाटलं, पडलीबिडलीस की काय आत. आणि मी हा असा. उठून बघता येत नाही."

चौतीस आणि चौतीस. तिने त्यांच्या उशीशी यंत्र ठेवलं होतं, दुकानात फरशीला कान लावला होता, फोम कापला होता. तिच्या खोलीतून तिकडे काय जातं ते अर्ध्या डेसिबलपर्यंत मोजलं होतं. तिकडून तिच्या कानात काय येतं, ते मोजायचं तिला सुचलंच नव्हतं. शिकाऊ पोरगंसुद्धा दोन्ही बाजूंनी मोजतं.

"त्या खोक्यात काय आहे?"

"कीबोर्ड."

"टायपायचा?"

"वाजवायचा. हेडफोन लावून. म्हणून ऐकू आलं नाही."

अण्णांनी नवी चादर कमरेवर ओढून घेतली. 

"सोमवारी दुपारपर्यंत परत देता येतो," ती म्हणाली. "देते."

"परत कशाला देतेस? वाजव की. अवश्य वाजव. मी कधी तुला नाही म्हटलंय?"

शुक्रवारच्या सुट्टीत ती काकूंकडे गेली. काकूंनी तिचे रिकामे हात पाहिले. "खोकं आणलं नाहीत, म्हणजे मन द्विधा आहे. काय झालं? आवाज आवडला नाही?"

"आवाज चांगलाय. मला बाहेरचं काही ऐकू येत नाही." तिने थोडक्यात सांगितलं, ओली चादर गाळली.

"एवढंच ना? एक कान बाहेर ठेवा. दुकानात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या निम्म्या बायका घरी तसंच वाजवतात. एका कानात धडा, दुसऱ्या कानात घर."

"निम्म्या म्हणजे किती?"

"अहो, मोजल्या नाहीत मी!" काकूंनी कपाळाला हात लावला. "आणि एक सांगू? तशा वाजवणाऱ्यांतल्या काहीजणी छान वाजवतात. काहीजणी नाही. ते कानावर नसतं."

शनिवारी अर्धा दिवस होता. तिने मापन उलट्या बाजूने लावलं. यंत्र आता मागच्या खोलीत, तिच्या खुर्चीवर, कानाच्या उंचीला. मावशींनी खाटेवर पाना मारायचा असं ठरलं होतं, पण पहिल्याच ठोक्याला अण्णांनी पाना हिसकावून घेतला.

"याला ठोका म्हणतात? पोळी लाटताय का? आणा इकडे. ए साहेब, किती ठोके हवेत?"

"दहा. सगळे सारखे पाहिजेत."

"सारखेच येतील. तू तुझं यंत्र सांभाळ."

आणि खरोखरच आले. दार लावलेलं असताना एक्कावन्न, एक्कावन्न, बावन्न, एक्कावन्न. प्रयोगशाळेतल्या ठोका देणाऱ्या यंत्राचीही एवढी शिस्त नव्हती. तिने आतून ओरडून आकडे सांगितले. अण्णा खूष झाले. "बघ! आणि तो एक बावन्न कुठला? तू खुर्ची हलवलीस." तिने हलवली होती.

मग हेडफोन. दोन्ही कान झाकले तर आवाज एकवर असतानाही ठोका बुडत होता. डावा कान उघडा ठेवला तर चौथ्या अंकापर्यंत ठोका ऐकू येत होता, पाचव्यावर दोनांतला एक हुकायचा. आवाजाचे अंक एकूण पंधरा होते. चारवर हलक्या हाताने दाबलेली पट्टी जेमतेम ऐकू यायची, पण यायची. तिने वहीत लिहिलं: उजवा कान, अंक चार, खोलीचं दार अर्धं उघडं.

"झालं?" अण्णांनी विचारलं. "आता मी हाक मारली की येशील?"

"येईन. पण अण्णा, सात-दहा ते सात-पन्नास. गरज असेल तरच."

"गरजेशिवाय मी काय हौस म्हणून ठोकतो?"

रविवारी मावशी नसत. दिवसभर तिने स्वयंपाक केला, अण्णांची दाढी केली, कपडे वाळत घातले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोकं परत न्यायचं की नाही, यावर विचार करायचं टाळलं. मनाने ठरवलेलं नंतर मनच फिरवतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने चाचणीची अट आधीच लिहून ठेवली. चाळीस मिनिटांत एकदा तरी सलग दहा मिनिटं वाजवता आलं, तर कीबोर्ड राहील. नाही आलं, तर जाईल. दहा हा आकडा कुठून आला असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं असतं: दोन्ही हातांचा पहिला धडा न थांबता पाच वेळा वाजवायला दहा मिनिटं लागतात. वहीत तिने तीन रकाने आखले. थांबल्याची वेळ, कारण, पुन्हा सुरू केल्याची वेळ.

सात-पाचला तिने अण्णांना पाणी दिलं, बाटली दिली, उशी उंच केली, पंखा दोनवर ठेवला.

"आणखी काही?"

"काही नाही. जा ना तू, वाजव. मी काय, रेडिओ ऐकतोय."

सात-दहाला बातम्यांची धून लागली. तिने उजवा कान झाकला, डावा उघडा ठेवला आणि सुरुवात केली. धडा एकदा झाला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर आली आणि ठण्. एक ठोका. ती गेली. पाणी हवं होतं, दोन घोट. परत आली, वेळ लिहिली. पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तिचे हात आपोआप उचलले गेले. तिने कान दिला. बातम्या चालू होत्या. ठोका नव्हता, खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं होतं. तिने वेळ लिहिली आणि कारणाच्या रकान्यात 'शटर' लिहिलं. मग ते खोडलं, कारण शटर काही ठोका नव्हे. तिथे तिने नुसती रेघ मारली.

पुन्हा सुरुवात. पुन्हा एक ठोका; पंखा तीनवर हवा होता. "बातम्या ऐकून तापलोय," अण्णा म्हणाले. पुन्हा सुरुवात. एक ओळ, दोन ओळी. मग पुन्हा तिला काहीतरी वाजल्यासारखं झालं. उठून दाराशी गेली. अण्णा डोळे मिटून श्रुतिका ऐकत होते, दोन्ही हात पोटावर, पाना उशीशेजारी. तिची चाहूल लागली तसे डोळे न उघडता म्हणाले, "मी नाही मारला."

"माहीत आहे."

"मग थांबलीस का? बरं चाललं होतं. त्या शेवटच्या काळ्या पट्टीखाली काहीतरी सैल आहे, तेवढं बघून घे."

ती परत खुर्चीवर बसली. रेघ मारली, वेळ लिहिली, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. सात-पन्नासला श्रुतिका संपल्याची धून वाजली, तेव्हा तिने हेडफोन काढून ठेवले, वही पुढे ओढली आणि तीनही रकान्यांची बेरीज केली. मग पानाच्या तळाशी निकाल लिहिला.

एकूण थांबे: नऊ. ठोक्यामुळे: तीन. ठोका नसताना: सहा. सलग वाजवण्याचा सर्वांत मोठा काळ: चार मिनिटं दहा सेकंद.